समुद्रावरचा बर्फ गेला तर नेमकं काय जातं?

जून २०१९ मध्ये एक फोटो जगभर फिरला होता. वायव्य ग्रीनलंडमधल्या कानाक गावाजवळची खाडी, मागे डोंगर, वर निरभ्र आकाश आणि निळ्या पाण्यातून स्लेज ओढत चाललेली कुत्री. ती पाण्यावर चालत आहेत असंच वाटत होतं.

फोटो खरा होता. डेन्मार्कच्या हवामान संस्थेचे स्टेफन ओल्सेन १३ जूनला स्थानिक शिकाऱ्यांबरोबर खाडीत ठेवलेली उपकरणं परत आणायला निघाले होते. कुत्र्यांच्या पायाखाली घोटाभर पाणी होतं आणि त्या पाण्याखाली सुमारे सव्वा मीटर जाडीचा बर्फ. अचानक आलेल्या उष्णतेने वरचा थर वितळला. खालच्या बर्फाला भेगा फारशा नव्हत्या, त्यामुळे ते पाणी खाली उतरायला वाटच मिळाली नाही आणि वरच साचून राहिलं.

फोटोवर चर्चा झाली ती बहुतेक बर्फ वितळण्याची. पण ही माणसं कुत्र्यांच्या गाड्या घेऊन समुद्रावर आली कशी, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. उत्तर साधं आहे: तो त्यांचा रस्ता आहे. वर्षातले कित्येक महिने त्या भागात गावाहून गावाला, शिकारीला, मासेमारीला जायची वाट समुद्रावरूनच असते. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाच्या बातम्या आपण वाचतो, पण त्या बर्फावर घर चालवणारी माणसं त्यात क्वचितच दिसतात. म्हणून हा लेख.

समुद्राचा बर्फ वेगळा कसा?

हिमनदी जमिनीवर असते आणि पडलेला बर्फ शतकानुशतकं दाबला जाऊन ती बनते. तिचा तुकडा तुटून समुद्रात पडला की तो हिमनग. समुद्री बर्फाचं तसं नाही. तो समुद्राचंच पाणी गोठून तयार होतो. पाणी खारट असल्यामुळे त्याला गोठायला शून्याखाली सुमारे १.८ अंश तापमान लागतं.

गोठताना पाणी मीठ बाहेर टाकतं. काही मीठ खाली समुद्रात जातं, उरलेलं दाट खारट पाणी बर्फात अडकून बारीक नळ्या आणि पोकळ्या तयार करतं. चांगली जमलेली आंबोळी मोडून पाहिली तर आत जशी जाळी दिसते, तसा हा बर्फ आतून जाळीदार असतो. ही जाळी लक्षात ठेवा, पुढची सगळी जीवसृष्टी तिथूनच सुरू होते.

उत्तर ध्रुवाकडचा हा बर्फ दर वर्षी वाढतो आणि आटतो. मार्चमध्ये त्याचा विस्तार सर्वांत जास्त असतो, सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी. उपग्रहांच्या सलग नोंदी १९७९ पासूनच्या आहेत. १९८० च्या दशकात सप्टेंबरमध्ये साधारण ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये तो ३४ लाखांपर्यंत खाली आला, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळापेक्षा थोडासाच जास्त. हिवाळ्यातला बर्फही घटतो आहे. मार्च २०२५ मधला विस्तार, सुमारे १ कोटी ४३ लाख चौरस किलोमीटर, हा तोपर्यंतच्या सगळ्या हिवाळ्यांमधला नीचांक होता.

आर्क्टिक प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. त्यामागचं एक मोठं कारण बर्फच आहे. वर ताजं हिम असलेला बर्फ ऊन्हाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग परत आकाशाकडे पाठवतो. बर्फ गेला की खालचं काळसर पाणी ते बहुतेक सगळं ऊन शोषून घेतं, तापतं आणि पुढच्या हिवाळ्यात उशिरा गोठतं.

बर्फाच्या पोटातलं जीवन

हिवाळा संपताना सूर्य परत दिसू लागतो. बर्फातून झिरपणारा अंधुक प्रकाश त्या जाळीत आणि बर्फाच्या तळाला वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला पुरतो. खालून पाहिलं तर बर्फाचा तळ तपकिरी दिसतो, काही ठिकाणी शेवाळाच्या लांब लडी लोंबत असतात. उघड्या समुद्रात अजून काहीच उगवलेलं नसतं, तेव्हा हे पहिलं अन्न तयार असतं.

ते खायला तांदळाच्या दाण्याएवढे कवचधारी जीव येतात आणि अंगात भरपूर चरबी साठवतात. त्यांना आर्क्टिक कॉड नावाचा हातभर लांबीचाही नसलेला मासा खातो. त्याची पिल्लं बर्फाच्या खाचांमध्ये लपून वाढतात. या माशावर सील, पक्षी, नारव्हाल देवमासे जगतात. सीलवर पांढरं अस्वल जगतं. बोहेड नावाचा प्रचंड देवमासा, जो दोनशे वर्षांहून जास्त जगू शकतो, तो मधल्या पायऱ्या टाळून थेट त्या चरबीदार जीवांचे थवेच्या थवे गाळून खातो.

यातल्या एका प्राण्याकडे जरा जवळून पाहू. रिंग्ड सील हा तिथला सर्वांत लहान सील. समुद्र गोठू लागला की तो पुढच्या पायांच्या नखांनी बर्फ खरवडून श्वासासाठी भोक उघडं ठेवतो आणि बर्फ दोन मीटर जाड झाला तरी महिनोन्‌महिने ते बुजू देत नाही. मादी त्या भोकाच्या वर, बर्फावर साचलेल्या हिमाच्या ढिगात गुहा कोरते आणि साधारण एप्रिलच्या आसपास तिथे पिल्लू देते. पिल्लाला अंगावर पुरेशी चरबी नसते, फक्त पांढरी लोकर असते. भिजलं तर ते गारठून मरू शकतं. म्हणजे या सीलला नुसता बर्फ असून भागत नाही. बर्फ लवकर धरला पाहिजे, म्हणजे त्यावर हिम साचायला वेळ मिळतो. आणि वसंतात पाऊस पडता कामा नये, कारण पावसाने गुहेचं छत कोसळतं आणि पिल्लू अस्वलाच्या, कोल्ह्याच्या तावडीत उघडं पडतं.

उपग्रहाच्या आकड्यात हे काहीच दिसत नाही. तिथे बर्फ आहे किंवा नाही, एवढंच दिसतं.

या बर्फावर कोण राहतं?

अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड आणि रशियाचं चुकोटका मिळून सुमारे १ लाख ८० हजार इनुइट आहेत. अलास्कातले इनुपियाट आणि बेरिंग समुद्राच्या काठचे युपिकही यात धरलेले आहेत. त्यांच्या गावांना बाहेरच्या जगाशी जोडणारा जमिनीवरचा रस्ता बहुतेक ठिकाणी नाहीच.

अलास्काच्या उत्तर टोकावर उत्कियागविक नावाचं गाव आहे. २०१६ पर्यंत नकाशावर त्याचं नाव बॅरो होतं. तिथली वसंतातली बोहेडची शिकार बर्फाशिवाय समजतच नाही. किनाऱ्याला पक्का धरलेला, जागचा न हलणारा बर्फ मैलोन्‌मैल पसरलेला असतो. त्याला या लेखापुरतं किनारबर्फ म्हणू. वाऱ्याने आणि प्रवाहाने त्यावर बर्फाच्या उंच वरंब्या उभ्या राहतात. शिकारी कुदळींनी त्या फोडत स्नोमोबाइल जाईल अशी वाट काढतात, थेट उघड्या पाण्याच्या काठापर्यंत. तिथे तंबू पडतो. होडी लाकडी सांगाड्यावर सीलची कातडी ताणून केलेली असते आणि ती कातडी गावातल्या बायकांनी पाणी शिरणार नाही अशा खास टाक्यांनी शिवलेली असते. देवमासा मिळाला की सगळं गाव बर्फावर जमतं. कप्प्या आणि दोर लावून कित्येक टनांचं ते धूड माणसांच्या ताकदीने बर्फावर ओढलं जातं. त्या भाराने बर्फ मोडू नये, म्हणून तो जाड आणि किनाऱ्याला पक्का धरलेला असावा लागतो.

मांस विकलं जात नाही. ठरलेल्या रीतीने वाटे पडतात, म्हाताऱ्यांना आणि ज्यांच्या घरी शिकारी नाही त्यांनाही. कातडी आणि तिच्याखालची चरबी कच्ची खाल्ली जाते. जिथे भाजी उगवत नाही तिथे क जीवनसत्त्व मिळण्याचा तो एक मुख्य मार्ग होता. उरलेलं मांस कायम गोठलेल्या जमिनीत खणलेल्या तळघरांमध्ये ठेवायचं. आता त्यातल्या काही तळघरांत पाणी शिरू लागलं आहे.

आणि हे दुकानातून आणता येणार नाही का? येतं, पण विमानाने आणि भयंकर किमतीला. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत ५७ टक्के घरांना पुरेसं अन्न मिळण्याची खात्री नव्हती. तिथे सीलचं मांस म्हणजे घरातलं जेवण आहे.

मग बिघडलंय काय?

बातमीत येतो तो सप्टेंबरचा आकडा, दूर ध्रुवाजवळच्या बर्फाचा. गावाला लागतो तो नोव्हेंबरचा आणि मेचा बर्फ, दाराशी असलेला. माझ्या मते सगळ्या गैरसमजाचं मूळ इथे आहे. एकूण विस्तार किती, यापेक्षा तो कधी धरला, किती जाड झाला आणि कधी सुटला, यावर तिथलं वर्ष ठरतं.

२००९-१० चा हिवाळा कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावर विलक्षण उबदार गेला. तिथल्या इनुइट प्रदेशात नंतर केलेल्या पाहणीत दर १२ जणांतला एक त्या हिवाळ्यात बर्फ फुटून पाण्यात पडला होता. ही माणसं लहानपणापासून बर्फ वाचायला शिकलेली आहेत. बर्फाचा रंग, काठीच्या टोच्याला येणारा आवाज, प्रवाह कुठे जोरात आहे, हे सगळं त्यांना माहीत असतं. पण जे ठिकाण आजोबांच्या काळापासून जानेवारीत भरवशाचं होतं, ते आता भरवशाचं उरलेलं नाही.

यातूनच स्मार्टआइस नावाचा उपक्रम उभा राहिला. बर्फात रोवलेली उपकरणं जाडी मोजतात, स्लेजवर बसवलेलं दुसरं यंत्र चालता चालता मोजतं आणि गावातलेच प्रशिक्षित लोक नकाशे बनवतात. कुठे जायचं ते अजूनही अनुभवी शिकारीच सांगतात, यंत्र त्यांना जोड देतं.

बेरिंग समुद्रातल्या सेंट लॉरेन्स बेटावर २०१३ मध्ये वेगळंच घडलं. तिथले युपिक लोक वसंतात बर्फाच्या तरंगत्या तुकड्यांवर बसून उत्तरेकडे जाणाऱ्या वॉलरसची शिकार करतात. त्या वर्षी वारा आणि बर्फ असे विचित्र जुळले की होड्यांना वाटच मिळेना. शिकार इतकी घटली की अलास्काच्या राज्यपालांना आर्थिक आपत्ती जाहीर करावी लागली. बर्फ नसण्याने जसं नुकसान होतं, तसंच तो चुकीच्या वेळी चुकीच्या जागी असण्यानेही होतं.

वॉलरसचेही हाल आहेत. ते बर्फावर विश्रांती घेत समुद्रतळाचे शिंपले खातात. बर्फ दूर गेला की किनाऱ्यावर गर्दी होते. सप्टेंबर २०१४ मध्ये अलास्कातल्या पॉइंट ले गावाजवळ सुमारे ३५ हजार वॉलरस एका किनाऱ्यावर जमले होते. अशा गर्दीत विमानाच्या आवाजाने जरी पळापळ झाली तरी पिल्लं चिरडली जातात.

शिवाय किनारबर्फ लाटा अडवतो. शरद ऋतूतली वादळं पूर्वी गोठलेल्या समुद्रावर यायची, आता उघड्या पाण्यावरून येतात आणि थेट किनारा खातात. अलास्कातलं किव्हालिना हे सुमारे ४०० वस्तीचं गाव असंच झिजतं आहे. २००८ मध्ये या गावाने एक्झॉनमोबिलसह अनेक ऊर्जा कंपन्यांवर नुकसानभरपाईचा दावा लावला. हा प्रश्न न्यायालयाने सोडवायचा नाही, असं म्हणत तो फेटाळला गेला आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपील ऐकायला नकार दिला.

पण हिवाळ्यात बर्फ परत येतोच ना?

येतो, पण तो नवा असतो. दोन-तीन उन्हाळे टिकलेला बर्फ जाड, कठीण आणि जवळजवळ बिनमिठाचा होतो. इनुइट शिकारी तो वितळवून पाणी पितात. १९८० च्या दशकाच्या मध्यावर हिवाळ्यातल्या बर्फापैकी जवळपास एक तृतीयांश बर्फ चार वर्षांहून जुना असे. आता तो ५ टक्क्यांच्याही खाली आहे. वरून पाहिलं तर पांढरा रंग तोच, पण त्याखाली पातळ, लवकर फुटणारा बर्फ.

दुसरी शंका समुद्रपातळीची. तरंगता बर्फ वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही, हे खरं आहे. पातळी वाढवतात त्या जमिनीवरच्या हिमनद्या, हिमथर आणि तापून फुगणारं पाणी. पण समुद्री बर्फाचं महत्त्व पातळीवर मोजायचंच नसतं.

अंटार्क्टिकाचं उदाहरणही पुढे केलं जातं. तिथला बर्फ २०१४ पर्यंत खरंच थोडा वाढत होता. त्यानंतर तो झपाट्याने घसरला आणि २०२३ च्या हिवाळ्यात तिथे विक्रमी नीचांक नोंदला गेला. तिथे मूळचे रहिवासी नाहीत, त्यामुळे त्या गोष्टीत माणसाचा हा भागच नाही.

शिकार करून तेच प्राणी संपवत नाहीत का?

हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं. बोहेड संपत आणले ते १८४८ नंतर बेरिंगच्या सामुद्रधुनीपलीकडे शिरलेल्या व्यापारी जहाजांनी, तेलासाठी आणि त्यांच्या तोंडातल्या अन्न गाळणाऱ्या लवचीक पट्ट्यांसाठी. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने इनुपियाटांच्या शिकारीवरही बंदी घातली, कारण शास्त्रज्ञांच्या अंदाजाने तिथे जेमतेम काहीशे ते दोनेक हजार बोहेड उरले होते. मोजणी बर्फाच्या काठावर उभं राहून डोळ्यांनी केलेली होती.

शिकाऱ्यांचं म्हणणं होतं की देवमासे काठापासून लांबून आणि बर्फाखालूनही जातात, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात, आणि ते तुमच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. हॅरी ब्राउअर सीनियर या जाणत्या शिकाऱ्याने हे स्थानिक प्रशासनाच्या शास्त्रज्ञांना समजावलं. मग पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडून मोजणी झाली आणि शिकाऱ्यांचंच खरं निघालं. २०११ मध्ये हा आकडा १७ हजारांच्या आसपास होता. बंदीच्या जागी लवकरच कोटा आला होता आणि त्या कोट्यात शिकार सुरूच होती.

उलट बाजूही बघा. युरोपने १९८३ मध्ये पांढऱ्या सील-पिल्लांच्या कातडीवर बंदी घातली. इनुइट त्या पिल्लांची व्यापारी शिकार करत नव्हते. तरी सगळ्याच सीलकातडीचा बाजार कोसळला आणि मांसासाठी मारलेल्या सीलच्या कातडीवर मिळणारे पैसे, ज्यातून पेट्रोल आणि काडतुसं यायची, ते गेले. ध्रुवापासून दूर राहणाऱ्यांच्या सहृदयतेची किंमत त्यांनी भरली.

हजारो वर्षं टिकले, आताही जुळवून घेतील की

जुळवून घेण्यात इनुइट कोणालाही हार जाणार नाहीत. पण पूर्वी जुळवून घेणं म्हणजे मुक्काम हलवणं होतं. शिकार जिकडे, माणसं तिकडे. विसाव्या शतकाच्या मध्यावर कॅनडा सरकारने त्यांना कायमच्या वस्त्यांत बसवलं, मुलं निवासी शाळांत नेली. पूर्व आर्क्टिकमधली जबरदस्तीची स्थलांतरं आणि स्लेजच्या कुत्र्यांची कत्तल याबद्दल सरकारने २०१९ मध्ये माफी मागितली. कुत्री पातळ बर्फ ओळखून थबकतात, स्नोमोबाइल थबकत नाही. शाळा, दवाखाना, धावपट्टी असलेलं गाव उचलून दुसरीकडे नेता येत नाही, आणि शिकारीचे कोटे सरकारी तारखांना बांधलेले असतात. हात बांधून ठेवल्यावर चपळाईची अपेक्षा करणं अन्याय आहे.

बर्फ हटला की जहाजं, खनिजं, मासे यांचा फायदा होईल, असंही म्हटलं जातं. बेरिंग समुद्रात काय झालं ते आधी पाहावं. समुद्री बर्फामुळे तिथे तळाशी गार पाण्याचा थर राहतो आणि स्नो क्रॅब त्यात वाढतो. २०१८ आणि २०१९ च्या उष्ण लाटेनंतर तिथले १० अब्जांहून अधिक खेकडे नाहीसे झाले आणि २०२२ मध्ये तो हंगाम पहिल्यांदाच बंद ठेवावा लागला. खुद्द मध्य आर्क्टिक महासागरात मात्र शहाणपण दिसलं. २०२१ पासून लागू झालेल्या कराराने तिथे १६ वर्षं व्यापारी मासेमारीला मनाई आहे.

आपला यात काय संबंध?

डिर्क नोट्झ आणि जूलिएन स्ट्रोव्ह या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये जुन्या नोंदींवरून हिशेब मांडला: हवेत सोडलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरचा साधारण ३ चौरस मीटर समुद्री बर्फ कमी होतो. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीने मुंबई-पुणे अशा चाळीसेक एकेरी खेपा झाल्या की एक टन भरतो. सरासरी भारतीयाच्या वाट्याला वर्षाला सुमारे दोन टन येतात, अमेरिकेतल्या माणसाच्या त्याच्या सहा-सात पट. जबाबदारी सारखी नाही, पण शून्यही नाही.

दुसरा धागा पावसाचा आहे. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८ पासून तिथूनच चालवलं जातं. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये असं मांडलं की कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी होणं आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो. हा अजून अभ्यासाचा विषय आहे, त्याला सिद्ध झालेलं कारण समजू नये.

तिसरा धागा धोरणाचा. आर्क्टिकभोवतीच्या देशांच्या आर्क्टिक परिषदेत इनुइटांसह सहा मूलनिवासी संघटनांना कायमची जागा आहे. भारत २०१३ मध्ये तिथे निरीक्षक झाला. निरीक्षक होण्याच्या निकषांत आर्क्टिकच्या मूलनिवासींची मूल्यं, हितसंबंध, संस्कृती आणि परंपरा यांचा आदर करण्याची अट स्पष्ट लिहिलेली आहे. आपल्याकडे आर्क्टिकवर बोलणं होतं ते बहुतेक रशियाच्या उत्तर किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजमार्गाबद्दल, त्याने वाचणाऱ्या दिवसांबद्दल, तिथल्या तेल-वायूबद्दल. तो मार्ग ज्या चुकोटकाच्या किनाऱ्यावरून जातो, तिथे युपिक आणि चुकची गावं आजही वॉलरस आणि देवमाशावर जगतात. त्या मार्गावर भारताची गुंतवणूक ठरवताना या गावांशी कोण बोललं, हा प्रश्न आपल्या संसदेत आणि आपल्या वर्तमानपत्रांत विचारला जायला हवा.